नवी गाडी नेमकी किती नवी?

शोरूममध्ये नवं मॉडेल आलं की घरात एकच प्रश्न फिरू लागतो: लगेच घ्यावी, की वर्षभर थांबावं? काका सांगतात, पहिल्या बॅचची गाडी कधी घेऊ नये. सेल्समन सांगतो, ही किंमत महिनाअखेरपर्यंतच. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण दोघेही गाडीला एक अखंड वस्तू समजून बोलतात. ‘नवी’ म्हणून येणाऱ्या गाडीतले काही भाग कोरे असतात, काही जुन्या गाडीतून तसेच उचललेले असतात, तर काही कंपनीच्याच दुसऱ्या मॉडेलमध्ये आधी रस्त्यावर धावलेले असतात. कुठला भाग कुठल्या गटातला हे कळलं की काकांचं किती ऐकायचं तेही ठरवता येतं.

उदाहरणासाठी 2024 च्या हिवाळ्यात तीन-चार आठवड्यांच्या अंतराने आलेल्या दोन कॉम्पॅक्ट सेडान घेऊ. 11 नोव्हेंबरला मारुती सुझुकीची चौथ्या पिढीची डिझायर आली आणि 4 डिसेंबरला होंडाची तिसऱ्या पिढीची अमेझ. विचार करण्याची रीत उद्या येणाऱ्या कुठल्याही गाडीला लागू पडेल.

1. चार मीटरची रेघ

डिझायरची लांबी 3,995 मिलिमीटर आहे. अमेझ, ऑरा, टिगोर या गाड्याही याच आकड्याच्या आसपास येऊन थांबतात. इतक्या कंपन्यांना एकच लांबी सुचते याचं कारण करात आहे. 2006 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान मोटारींवरचं उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आलं. लहान मोटार म्हणजे लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर 1,200 सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर 1,500 सीसीपर्यंत, अशी व्याख्या झाली. पुढे जीएसटी आला तरी ही रेघ पुसली गेली नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून तर ती आणखी ठळक झाली: या व्याख्येत बसणाऱ्या मोटारीला 18 टक्के जीएसटी, बाहेरच्या पेट्रोल-डिझेल मोटारीला 40 टक्के. करापूर्वी 6 लाखांना पडणारी मोटार रेघेच्या आत असेल तर 7 लाख 8 हजारांना मिळेल, रेघेबाहेर असेल तर 8 लाख 40 हजारांना. केवळ लांबी आणि इंजिनाच्या आकारापायी 1 लाख 32 हजारांचा फरक.

या सवलतीत बसणारी पहिली सेडान म्हणजे 2008 ची टाटा इंडिगो सीएस. त्याच वर्षी आलेली पहिली स्विफ्ट डिझायर मात्र 4,160 मिलिमीटर लांब होती आणि तिची डिकी 440 लिटरची होती. 2012 मध्ये मारुतीने तिला कापून 3,995 वर आणलं तेव्हा डिकी 316 लिटरवर उतरली. चार मीटरची सेडान आखणं म्हणजे ठरलेल्या चटईक्षेत्रात फ्लॅट बसवणं. हॉल मोठा केला की स्वयंपाकघर आखडतं. इंजिनाची जागा, मागच्या प्रवाशाचे गुडघे आणि डिकी यांच्यात ही ओढाताण चालते. फोक्सवॅगनने चाकणला अमेओ बनवताना पोलोचा पुढचा बंपरही थोडा आत घेतला होता. एवढं करून ती गाडी 2016 ते 2020 एवढीच टिकली.

म्हणून कॉम्पॅक्ट सेडानकडे पाहताना पहिला प्रश्न असा: या चार मीटरांत कंपनीने कोणाला जागा दिली आणि कोणाकडून काढून घेतली? नव्या डिझायरची डिकी 382 लिटरची आहे, अमेझची 416, ऑराची 402, टिगोरची 419. हे आकडे फार मनावर घेऊ नका. लिटर मोजताना कोपरे-कपारीही मोजल्या जातात, आणि तुमची बॅग कोपऱ्यात बसत नाही. डिकीचं तोंड किती रुंद आहे, काठ किती उंच आहे, झाकण मिटताना त्याच्या दांड्या सामानावर येतात का, हे पाहायला घरातली सर्वांत मोठी बॅग शोरूमला न्यावी. लोक बघतात. बघू द्यावं.

2. तीन रकाने

आता मूळ प्रश्न. एक कागद घ्या आणि तीन रकाने पाडा: कोरं, उसनं, जुनं.

डिझायर घेऊ. बाहेरचा पत्रा आणि चेहरा नवा. इंजिन मात्र ‘उसनं’ या रकान्यात. 1.2 लिटरचं तीन सिलिंडरचं हे झेड-सीरिज इंजिन मे 2024 मध्ये नव्या स्विफ्टबरोबर भारतात आलं होतं. म्हणजे डिझायर बाजारात येईपर्यंत स्विफ्टवाल्यांनी ते सहा महिने चालवलं होतं. डिझायरचा पहिला ग्राहक इंजिनाच्या बाबतीत पहिला नव्हताच. जे काही खुट्ट व्हायचं, ते स्विफ्टच्या मालकांकडे आधी कळलं असतं.

अमेझमध्ये उलट. तिचं चार सिलिंडरचं 1.2 लिटर इंजिन आणि सीव्हीटी गिअरबॉक्स मागच्या पिढीतूनच आले आहेत. इथे ‘जुनं’ हा शब्द तक्रारीचा नाही, भरवशाचा आहे. कोरी आहे ती तिची बॉडी, आतली मांडणी आणि सर्वांत महागड्या व्हेरिएंटमधली कॅमेऱ्यावर चालणारी चालक-साहाय्य यंत्रणा. पुढची गाडी अचानक थांबली तर ती इशारा देते आणि गरज पडल्यास ब्रेकही लावते. लेनच्या रेषा ओळखणं हेही तिच्याच कामात येतं. रेषा आखलेल्या द्रुतगती मार्गावर तिचा उपयोग होतो. बाजारपेठेतल्या रस्त्यावर, जिथे रिक्षा, हातगाडी आणि गाय एकाच वेळी लेन बदलतात, तिथे तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

हे रकाने भरले की थांबायचं की नाही याचं उत्तर बरंचसं मिळतं. इंजिन आणि गिअरबॉक्स कोरे असतील तर सहा महिने थांबण्यात शहाणपण आहे. ते उसने किंवा जुने असतील आणि नवेपणा पत्रा, दिवे आणि पडद्यापुरता असेल, तर थांबण्याचं कारण उरत नाही. पडदा अडकला तर सॉफ्टवेअर बदलून मिळतं. क्लच घसरू लागला तर मात्र आठवडे वर्कशॉपमध्ये जातात. सुरक्षेशी संबंधित दोष निघून कंपनीने गाड्या परत बोलावल्या तर दुरुस्ती फुकट होते, पण गाडी नेण्या-आणण्याचा वेळ तुमचा जातो.

आणि सेल्समनचं म्हणणं? तेही अगदीच खोटं नसतं. डिझायर 6 लाख 79 हजारांच्या प्रारंभिक किमतीला आली तेव्हा ती किंमत 2024 च्या डिसेंबरअखेरपर्यंतचीच असल्याचं कंपनीने जाहीर केलं होतं. मात्र जाहिरातीतली किंमत सर्वांत खालच्या व्हेरिएंटची असते, आणि तुमची नजर ज्या गाडीवर खिळलेली असते ती शोरूमच्या मधोमध ठेवलेली सर्वांत वरची असते.

3. ‘अॅव्हरेज किती देते?’

डिझायरच्या मॅन्युअल गाडीचा प्रमाणित आकडा लिटरला 24.79 किलोमीटर आहे, अमेझचा 18.65. हे आकडे येतात कुठून?

पुण्यात कोथरूडला टेकडीवर एआरएआय ही 1966 साली स्थापन झालेली संस्था आहे. सकाळी फिरायला जाणारे त्या टेकडीलाच एआरएआय टेकडी म्हणतात. तिथल्यासारख्या प्रयोगशाळेत गाडीची चाकं फिरत्या रोलरवर ठेवतात आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग वाढवत-उतरवत गाडी जागेवरच पळवतात. हे वेळापत्रक 1,180 सेकंदांचं, म्हणजे वीस मिनिटांहूनही कमी. त्यात जास्तीत जास्त वेग ताशी 90 किलोमीटर. एसी बंद. खड्डे नाहीत, सिग्नलला कट मारणारा नाही, डिकीत तांदळाचं पोतं नाही. परीक्षा सगळ्या गाड्यांना सारखी असते, म्हणून दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा उत्तम. आपल्या खिशाचा अंदाज बांधायला मात्र तो जसाच्या तसा वापरू नये. माझा ठोकताळा असा: त्यातला एक चतुर्थांश काढून टाकावा. भर शहरात, सतत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चालणाऱ्या गाडीसाठी त्याहूनही थोडा जास्त.

मग डिझायरचे उरतात सुमारे 18.6, अमेझचे 14. वर्षाला 12 हजार किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाला डिझायरमध्ये 645 लिटर पेट्रोल लागेल, अमेझमध्ये 857. पेट्रोल 104 रुपये धरलं तर फरक वर्षाला सुमारे 22 हजारांचा. पाच वर्षांत लाखाच्या वर. पण तुमचं फिरणं वर्षाला 5 हजार किलोमीटर असेल, म्हणजे शनिवारी मंडई आणि दिवाळीला गाव, तर फरक नऊ हजारांवर येतो, महिन्याला पावणेआठशेच्या आसपास. एवढ्यासाठी चार सिलिंडरचा शांतपणा सोडावा का, हे ज्याचं त्याने ठरवावं. स्वतःचे किलोमीटर माहीत नसताना ‘अॅव्हरेज’ची चर्चा करण्यात अर्थ नाही. जुन्या गाडीच्या सर्व्हिसिंगच्या बिलांवर तारीख आणि किलोमीटर दोन्ही छापलेले असतात. दोन बिलं शेजारी ठेवा, आकडा मिळेल.

4. सीएनजी कोणाला परवडतो

सीएनजी डिझायरचा प्रमाणित आकडा किलोला 33.73 किलोमीटर. हा आकडा ऐकला की पेट्रोलचा विचार करणं वेडेपणाचं वाटू लागतं. हिशेब करू.

तेच व्हेरिएंट सीएनजीमध्ये घेतलं तर साधारण 95 हजार जास्त मोजावे लागतात असं धरू. इथेही आकड्यातला चतुर्थांश काढला तर किलोला 25.3 किलोमीटर. सीएनजी 90 रुपये किलो असेल तर किलोमीटरला खर्च 3 रुपये 56 पैसे. पेट्रोलवर तोच खर्च 5 रुपये 59 पैसे. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला दोन रुपये वाचतात, आणि 95 हजार भरून निघायला जवळजवळ 47 हजार किलोमीटर लागतात. टॅक्सीवाला ते वर्षाच्या आत करतो, म्हणून विमानतळाबाहेर उभ्या असलेल्या बहुतेक सेडान सीएनजीच्या असतात. वर्षाला 12 हजार फिरणाऱ्याला चार वर्षं लागतील. महिन्याला पाचशे किलोमीटर फिरणाऱ्याला जवळपास आठ, आणि तोवर गाडी विकायचे विचार सुरू झालेले असतात.

पैशांत न येणाऱ्या गोष्टी वेगळ्या. एकच मोठी टाकी असेल तर डिकीचा बराचसा भाग तीच खाते. टाटांनी टिगोरमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवल्या आणि वर सामानाला जागा ठेवली, ही अक्कलहुशारी मला आवडली. दर तीन वर्षांनी टाकीची दाबचाचणी करून घ्यावी लागते. शिवाय गॅसवर ताकद उतरते: डिझायर पेट्रोलवर सुमारे 82 अश्वशक्ती देते, सीएनजीवर सुमारे 70. सपाट रस्त्यावर हे जाणवणार नाही. चार माणसं घेऊन कुंभार्ली घाट चढताना जाणवेल. आणि तुमच्या गावाच्या वाटेवर पंप किती, तिथली रांग किती, हे तुमच्याइतकं कोणालाच माहीत नाही.

5. तारे वाचताना

जाहिरातीत पाच तारे दिसले की तीन गोष्टी विचाराव्यात: कोणी दिले, कधी दिले, नेमक्या कोणत्या गाडीला दिले.

ग्लोबल एनकॅप ही परदेशी संस्था बरीच वर्षं भारतीय गाड्या आपटून पाहत आली. 1 ऑक्टोबर 2023 पासून आपला भारत एनकॅप सुरू झाला. कार्यक्रम ऐच्छिक आहे, त्यामुळे प्रत्येक गाडीला तारे असतीलच असं नाही. समोरून होणाऱ्या धडकेत गाडी ताशी 64 किलोमीटर वेगाने अडथळ्यावर सोडतात, तीही अशी की पुढच्या भागाची फक्त 40 टक्के रुंदी धडकावी. समोरच्या गाडीने ओव्हरटेक करताना आपल्या लेनमध्ये यावं तशी ही धडक असते. बाजूने होणाऱ्या धडकेची परीक्षा वेगळी.

‘कधी दिले’ हे का महत्त्वाचं ते अमेझच्या मागच्या, म्हणजे दुसऱ्या पिढीवरून कळतं. ग्लोबल एनकॅपने 2019 मध्ये तिला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार तारे दिले होते. 2024 मध्ये, नियम कडक झाल्यावर, त्याच पिढीच्या गाडीला मोठ्यांसाठी दोन आणि मुलांसाठी शून्य मिळाला. गाडी बिघडली नव्हती, प्रश्नपत्रिका अवघड झाली होती. ते तारे आताच्या तिसऱ्या पिढीला चिकटवायचे नाहीत, तिचा निकाल वेगळा पाहायचा. चौथ्या पिढीच्या डिझायरला 2024 मध्ये कडक नियमांखाली मोठ्यांसाठी पाच आणि मुलांसाठी चार तारे मिळाले. स्विफ्ट तिची सख्खी बहीण असली तरी हे तारे स्विफ्टचे होत नाहीत.

ताऱ्यांपेक्षाही मी अहवालातला एक शब्द आधी शोधतो: बॉडीशेल ‘स्टेबल’ की ‘अनस्टेबल’. धडकेनंतर माणसं बसतात तो पिंजरा शाबूत राहिला का, हे त्यातून कळतं. एअरबॅग हल्ली या दोन्ही गाड्यांत सगळ्या व्हेरिएंटना सहा मिळतात. पिंजराच चेपला तर त्या कितीशा उपयोगी पडणार?

6. चालवून पाहताना

टेस्ट ड्राइव्ह म्हणजे शोरूमभोवतीची एक फेरी, अशी पद्धत पडली आहे. सेल्समन शेजारी, मागची सीट रिकामी, रस्ता त्याच्या निवडीचा. यातून स्टिअरिंग हलकं आहे एवढंच कळतं.

घरातले सगळे घेऊन जा. आजी असेल तर तिला आधी मागे बसवा. सेडानची सीट खाली असते, गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसणं जमतं, उठणं जमत नाही. मधोमध तिसरा माणूस बसवा. या गाड्या बाहेरून 173 सेंटिमीटरच्या आसपास रुंद आहेत, आत तीन प्रौढ खांद्याला खांदा लावून बसतात, पण फार वेळ हसत बसत नाहीत. मग सगळ्यांसह गाडी सोसायटीच्या किंवा गावाच्या वाटेवरच्या सर्वांत वाईट स्पीडब्रेकरवरून न्या. डिझायरचा तळ रस्त्यापासून 163 मिलिमीटर वर आहे, अमेझचा 172, आणि हे आकडे रिकाम्या गाडीचे. पाच माणसं आणि सामान भरलं की गाडी खाली बसते. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांनी हे आधी पाहावं, चाळीस हजारांच्या पडद्याचं नंतर.

चढावर थांबून पुन्हा निघा, एसी चालू ठेवून. तीन सिलिंडरचं इंजिन जागेवर उभं असताना किंचित थरथरतं, ते तुम्हाला खटकतं का ते स्टिअरिंगवर हात ठेवून बघा. ऑटोमॅटिक घ्यायची असेल तर दोन जातींतला फरक माहीत हवा. डिझायरमध्ये एएमटी आहे: गिअरबॉक्स साधाच, फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम यंत्र करतं. म्हणून गिअर बदलताना क्षणभर ओढ थांबते, ओव्हरटेक करताना ती चांगलीच कळते. तो स्वस्त पडतो आणि पेट्रोलही जास्त खात नाही. अमेझच्या सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअर नसतातच, दोन पुलींवर चढलेला पट्टा सरकत राहतो. झटका नाही, पण जोरात पेडल दाबलं की आवाज आधी वाढतो, वेग मागून येतो. ट्रॅफिकमध्ये रोज दीड तास काढणाऱ्याने सीव्हीटी चालवून पाहिल्याशिवाय एएमटीचे पैसे भरू नयेत.

7. कोटेशनचा कागद

8 लाख एक्स-शोरूम किमतीची पेट्रोल गाडी महाराष्ट्रात घेतली तर एकरकमी कर 11 टक्के, म्हणजे 88 हजार. विमा 38 हजार धरा. झाले 9 लाख 26 हजार, शिवाय नोंदणी, नंबर प्लेट, फास्टॅग यांचे किरकोळ पैसे. इथपर्यंतचं बहुतेक अटळ आहे. याच्या खालच्या ओळी घासाघीस करण्याच्या असतात: मॅट, सीट कव्हर, पॉलिश, ‘हँडलिंग’. हँडलिंग म्हणजे नेमकं काय, असं शांतपणे विचारून त्याची स्वतंत्र पावती मागा. बऱ्याचदा तो आकडा तिथल्या तिथे खाली येतो.

विम्याच्या रकमेतही जागा असते. नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं, तो कुठेही सारखाच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र एक वर्षाचा घेता येतो, आणि तो शोरूममधूनच घेण्याचं बंधन नाही. बाहेरचं कोटेशन खिशात ठेवून जा.

कर्जाच्या बाबतीत लोक हप्ता विचारतात, एकूण व्याज विचारत नाहीत. 7 लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 14,531 रुपये आणि एकूण व्याज सुमारे 1 लाख 72 हजार. सात वर्षं केली तर हप्ता 11,262 वर येतो, व्याज 2 लाख 46 हजारांवर जातं. हप्त्याला सव्वातीन हजार कमी केल्याचे 74 हजार रुपये मोजले.

8. पासिंगच्या आधी

गाडी ठरली, पैसे भरले, तरी एक दिवस हातात ठेवा. आरटीओत पासिंग होण्याआधी डीलरच्या यार्डात जाऊन, दिवसाउजेडी, तीच गाडी पाहायची जिचा चासी नंबर तुमच्या कागदावर आहे. रंगाची छटा दारादारांत सारखी आहे का, काचांवरचं छपाईचं वर्ष जुळतं का, टायरवरच्या चार अंकी कोडमधले आठवडा आणि वर्ष किती जुने, स्टेपनी आणि जॅक जागेवर आहेत का, किलोमीटर किती झालेत. विक्री प्रमाणपत्रात, म्हणजे फॉर्म 21 मध्ये, गाडी कोणत्या महिन्यात आणि वर्षात बनली ते लिहिलेलं असतं. जानेवारीत घेतलेली गाडी डिसेंबरात बनलेली असेल तर पुढे विकताना तिचं एक वर्ष आधीच गेलेलं असतं, मग त्याची सूट आजच मागायची. काही खटकलं तर दुसरी गाडी मागण्याची वेळही हीच. नंबर पडल्यावर ती गाडी तुमच्या नावावर असते, आणि डीलरच्या लेखी ती तेव्हाच वापरलेली झालेली असते.